वन्संचे टाके

माझ्या नणंदेचा कुणाच्याही बोलण्यावर विश्वास नाही. बाहेर ऊन पडलंय असं सांगितलं तरी त्या एकदा खिडकीशी जाऊन येतात. एकतीस वर्षं त्या डोळ्यांची ऑपरेशनं करताहेत. हा संशयी स्वभाव त्यांना कामाने दिला, की स्वभाव असा होता म्हणून त्या कामात टिकल्या, ते मला इतकी वर्षं एका घरात राहूनही ठरवता आलेलं नाही.

घर दुमजली आहे. खाली त्यांचा दवाखाना. पुढे बाकांची खोली, मग तपासायची अंधारी खोली, मागे छोटं ऑपरेशन थिएटर. वर आम्ही तिघं: वन्सं, त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा, आणि मी. वन्संनी लग्न केलं नाही. एकदा ठरत आलं होतं. त्यांनी त्या मुलाला एकच प्रश्न तीन वेळा विचारला आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं, असं सासूबाई सांगायच्या. प्रश्न कोणता, ते मात्र दोघींनीही कधी सांगितलं नाही.

ऑपरेशनच्या टेबलावर आलेल्या पेशंटला “तुम्ही अमुक का?” असं त्या विचारत नाहीत. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो, असं त्यांचं मत. “नाव सांगा. कुठला डोळा? बोट लावून दाखवा.” मग त्या भुवईवर स्वतःच्या हाताने शाईचा बाण काढायचा. मग आत बसवायच्या भिंगाच्या डबीवरचा आकडा स्वतः मोठ्याने वाचायचा, मोठ्या सिस्टरना वाचायला लावायचा, आणि सिस्टरनी बरोबर वाचला तरी पुन्हा स्वतः वाचायचा. मोठ्या सिस्टर बावीस वर्षं त्यांच्याकडे आहेत. एकदा मला म्हणाल्या, “वहिनी, एक दिवस मॅडम माझंच नाव विचारणार बघा.”

“मग विचारलं का?”

“परवाच विचारलं. मी रजेवरून आले होते, तोंडाला मास्क होता.”

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वन्संचं शिक्षण संपत आलं होतं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला फ्रीजमधून दूध काढायला सांगितलं. दुधामागे निळ्या झाकणाचा डबा होता. मला वाटलं, सोललेली उकडलेली अंडी असतील. झाकण उघडलं तर ओल्या फडक्यावर ठेवलेले दहा-बारा डोळे माझ्याकडे बघत होते. माझ्या हातातलं दूध कुठे गेलं ते सांगायला नको. सासूबाई शांतपणे पुसायचं फडकं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आधी झाकण लाव. सुकले की ती चिडते.”

बोकडाचे डोळे होते ते. खाटकाकडून सकाळी ताजे आणायचे आणि दुपारी जेवणाच्या टेबलाच्या कडेला बसून वन्सं त्यांवर हात बसवायच्या. थर्माकोलच्या तुकड्यात खड्डा करून त्यात डोळा टाचण्यांनी पक्का करायचा, कपाळावर भिंगांचा पट्टा चढवायचा, डोळा कापायचा, आणि केसाहून बारीक काळ्या दोऱ्याने पुन्हा शिवायचा. तो दोरा घरभर चिकटायचा. माझ्या नवऱ्याच्या स्वेटरमध्ये निघायचा, एकदा साबणाला चिकटलेला निघाला. मी विचारलं होतं, “किळस नाही येत हो?” तर म्हणाल्या, “बोकडाच्या डोळ्याचा टाका नीट धरला नाही तर लगेच गळतो. माणसं दुसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून सांगतात आणि आठवड्याने रडत येतात.”

त्या काळी मोतीबिंदू काढायचा म्हणजे डोळा बराच उघडावा लागायचा, आणि मग सहा-सात टाके. वन्संचे टाके त्यांचे गुरुजी पाहुण्या डॉक्टरांना बोलावून दाखवायचे, इतके सारखे. पुढे मशीन आलं. बारीकशा फटीतून आत शिरून मोतीबिंदू फोडायचा आणि ओढून घ्यायचा, टाका नाही की काही नाही. वन्संनी दोन वर्षं त्या मशीनवर विश्वास ठेवला नाही, आणि ठेवला तेव्हा त्यातही नाव काढलं. सुई-दोऱ्याच्या डब्या कपाटात गेल्या.

असा कुणावर विश्वास न ठेवणारा जन्म, पण त्यात त्या एकदा चुकल्या. नऊ वर्षांपूर्वी.

माझा नवरा एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचतो. आम्ही कॉलेजात एका वर्गातले, त्यामुळे मी त्याला अरे-तुरेच करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. तो बहिणीच्या उलट. कुणीही काहीही सांगावं आणि त्याने ते ऐकावं. तेव्हा तो दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला होता. वन्संनी जेवताना विचारलं, “काय रे, नीट दिसतंय ना?” तो म्हणाला, “दिसतंय की.” आणि वन्सं पुढचा घास घेत्या झाल्या. रस्त्यावरून आलेल्या कुणाही माणसाला त्यांनी एवढ्यावर सोडलं नसतं. त्याला काचबिंदू होता. हा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. पाच महिन्यांनी कळलं तेव्हा उजवा डोळा गेला होता.

वन्सं चार दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी भावाची फाईल स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. तेव्हापासून दर महिन्याला डाव्या डोळ्याचं प्रेशर त्या स्वतः मोजतात. इतरांचं एकदाच मोजतात, त्याचं दोनदा.

त्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला. एकुलता एक डोळा, घाई नको, म्हणून वन्संनी तो पिकू दिला. गेल्या वर्षी मात्र पाणी डोक्यावरून गेलं. नवऱ्याला चौकोन मोजता येईनात. भिंग घेऊन कोडं आखायचा आणि एक रकाना जास्तीचा निघायचा. शब्द तो बोलायचा, मी भरायची. मी विचारलं, “वन्सं, तारीख कधी?” त्या म्हणाल्या, “बघू.” पुढच्या आठवड्यात विचारलं. “बघू.” खाली येणाऱ्या परक्या माणसाला आठवड्यात तारीख मिळत होती. सख्ख्या भावाला बघू.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. पण खरी शंका आली ती थेंबांमुळे. नवऱ्याचे थेंब थंड ठेवावे लागतात, ते खालच्या औषधांच्या फ्रीजमध्ये असतात. एका दुपारी ते आणायला गेले आणि बाटल्यांमागे डबा दिसला. झाकण या वेळी पांढरं होतं. उघडायची गरज नव्हती, तरी उघडलं. आठ डोळे.

एकतीस वर्षं ऑपरेशनं केलेली बाई पुन्हा बोकडाच्या डोळ्यांवर हात बसवतेय. का?

मी पाळत ठेवली, सांगायला लाज कशाला. चहाचा कप त्यांच्या हातात देताना मी बशीकडे बघायचे. ती खडखडत नव्हती. त्या शाल ओढायच्या तेव्हा बोटांकडे बघायचे. बाहीला काळा दोरा दिसला, तो मी उचलला. बुधवारची ऑपरेशनं बंद झाली होती. मागच्या दाराने एक माणूस पिशवी देऊन जायचा. विचारलं तर “मॅडमचा माल” म्हणाला आणि सायकलवर बसला. मोठ्या सिस्टरना गाठलं.

“सिस्टर, दुपारी मॅडम काय करतात हो?”

“विश्रांती.”

“दार आतून लावून?”

“विश्रांती दार उघडं टाकून होते का, वहिनी?” म्हणाल्या, आणि इंजेक्शनं मोजायला लागल्या. दोनदा मोजलेलीच पुन्हा मोजत होत्या.

कुठेतरी पाणी मुरत होतं. माझा निष्कर्ष झाला होता: वन्संचा हात गेलाय, त्यांना कळलंय, आणि त्या कबूल करत नाहीयेत. नवऱ्याला आडून विचारून पाहिलं, दुसऱ्या कुणाला एकदा डोळा दाखवावा का. तो म्हणाला, “ताई आहे की.” त्याच्यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. ताईने पायजम्याची नाडी घेऊन शिवलं असतं तरी तो टेबलावर पडून राहिला असता.

मग मी ते केलं, जे मी आधी कधी केलं नव्हतं. वन्सं थिएटरमध्ये असताना खणाची किल्ली त्यांच्या पर्समधून काढली, फाईलमधल्या शेवटच्या चार कागदांचे फोटो घेतले, आणि मावसबहिणीकडे जाते असं सांगून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या हॉस्पिटलात गेले. काचेच्या भिंती, गार हवा, आणि डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने फोटो मोठे करून पाहिले. खाली सरकवले, वर सरकवले. मग माझ्याकडे बघितलं.

“हा डोळा मी पाहिलाय,” तो म्हणाला.

“शक्य नाही. पेशंट घराबाहेर पडलेले नाहीत.”

“पेशंट नाही, कागद. महिन्यापूर्वी एक मॅडम घेऊन आल्या होत्या. वरचं नाव झाकलेलं होतं, पण अक्षर हेच. तुम्ही त्यांच्या घरातल्या का?”

मी मान हलवली.

त्याने मला सगळं समजावून सांगितलं, न कंटाळता. मोतीबिंदू दगडासारखा झालाय. त्याला धरून ठेवणारे तंतू सैल आहेत. मशीनने फोडायला गेलं तर तो आत डोळ्याच्या तळाशी पडेल. म्हणजे जुन्या पद्धतीने, डोळा उघडून, टाके घालूनच काढायला हवा. “मॅडमनी मला विचारलं, तुम्ही कराल का. मी खरं ते सांगितलं. टाक्यांचं पूर्ण ऑपरेशन मी सहा वेळा केलंय, तेही शिकताना. त्या म्हणाल्या, खरं बोललात, बरं वाटलं. आणि दारात जाऊन परत वळल्या. म्हणाल्या, सहाच ना?”

बसमध्ये मी खिडकीशी बसले होते, पण बाहेरचं काही पाहिलं नाही. मी वन्संना चोरून दुसरा डॉक्टर शोधत होते, आणि त्या मला चोरून तेच करून बसल्या होत्या, माझ्या महिनाभर आधी.

घरी आले ती थेट खाली गेले. दुपारचे तीन वाजले होते. थिएटरच्या दारावर टकटक केलं. “सिस्टर, मी सांगितलंय ना,” आतून आवाज आला. मी म्हटलं, “सिस्टर नाही, मी आहे.” मग कडी निघाली.

मायक्रोस्कोपखाली थर्माकोल, त्यात डोळा. वन्संच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता.

“किल्ली परत बाहेरच्या कप्प्यात ठेवलीस,” त्या म्हणाल्या. “मी आतल्या कप्प्यात ठेवते.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू कधी बोलतेस ते बघत होते.”

“मी त्या पोराकडे जाऊन आले, काचेच्या हॉस्पिटलात. आता ताकाला जाऊन भांडं लपवू नका वन्सं. हात कसा आहे, ते सांगा.”

त्यांनी वही पुढे केली. बारा वर्षांत त्यांनी डोळ्याला टाका घातला नव्हता. गेल्या पाच आठवड्यांत त्यांनी चौतीस डोळे शिवले होते. त्यातले नऊ गळले.

“शेवटचा कधी गळला?”

“काल.”

मी स्टुलावर बसले. माझी शंका निम्मी खरी होती, आणि ते खोटी असण्यापेक्षा वाईट वाटत होतं. “दुसरीकडे कुठे?”

“जिथे शिकले तिथे अजून एक जण आहे, हाताने करणारा. चार महिन्यांनी नंबर. मोतीबिंदू फुगतोय, प्रेशर चढतंय. माझ्याकडे पाच आठवडे आहेत, फार तर सहा. त्यानंतर तोही डोळा काचबिंदू खाईल.” त्यांनी मोजे काढले. “आणि एक सांगू? नऊ गळले असं मी लिहिलंय. खरे किती, मला माहीत नाही. मीच शिवते, मीच तपासते. गळती इतकीशी असली की वाटतं, छे, हे पाणी वरचंच आहे. स्वतःच्या टाक्याकडे माणूस कानाडोळा करतो. तू कर तपासणी.”

“मी?”

“माझ्या स्वयंपाकात तू एकतीस वर्षं खोट काढतेस. तुझ्याइतकं कुणाला जमेल?”

खोट काढायचे हे खरं आहे. त्यांना मीठ कळत नाही.

त्यांनी नियम घातला. ओळीने वीस डोळे गळता कामा नयेत. एक गळला की पुन्हा एकपासून. वीस झाले तर तारीख, नाही झाले तर त्या पोराच्या सहा ऑपरेशनांवर भरवसा ठेवायचा आणि त्या शेजारी उभ्या राहणार. मला काम शिकवलं: शिवलेल्या जागेवर नारिंगी औषधाचा थेंब सोडायचा, निळा दिवा लावायचा, कापसाच्या काडीने डोळा हळूच दाबायचा. आतून पाणी येत असेल तर नारिंगीमध्ये हिरवी रेघ वाहताना दिसते. बारीक दिसते, पण दिसते.

रोज तीन ते पाच. पहिल्या आठवड्यात मी त्यांना चार वेळा एकवर आणलं. त्या फक्त दोरा बदलायच्या. मोठ्या सिस्टर दाराबाहेर राखण बसायच्या. नवऱ्याला सांगितलं होतं की मी खाली औषधांची कपाटं लावतेय. त्याने ऐकलं, अर्थातच. डोळ्यावर हात ठेवून रेडिओ ऐकत पडायचा. सकाळी प्रेशर मोजलं की वन्सं आकडा माझ्याकडे बघून सांगायच्या, त्याच्याकडे बघून नाही. दर खेपेला आकडा थोडा वरचा.

दुसऱ्या आठवड्यात सोळा झाले. सतरावा शिवून त्या मागे सरकल्या. मी थेंब टाकला, दिवा लावला, दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, आणि शेवटच्या टाक्यापाशी केसाएवढी हिरवी रेघ उमटली, आणि थांबली. कदाचित वरचंच पाणी असेल. सोळा झाले होते. सकाळचा आकडा माझ्या डोक्यात होता. वन्सं भिंतीकडे तोंड करून मान चोळत होत्या. मी नुसतं “ठीक” म्हटलं असतं तर उरले असते तीन.

“गळतोय,” मी म्हटलं.

“कुठे?”

“शेवटच्या टाक्यापाशी.”

“हं.” त्या वळल्या. “सहावा टाका मी मुद्दाम सैल घातला होता.”

मला इतका राग आला की काडी मी तिथेच टाकली. “माझी परीक्षा घेता? सोळा फुकट घालवले माझ्यासाठी?”

“सोळा फुकट कसे? पुढचा अठरावा. सतरावा मोजायचा नाही.” त्या नव्या सुईचं पाकीट फोडत होत्या. “तू बोलली नसतीस तर ते सोळाही मला खरे मानता आले नसते.”

मी काडी उचलली. काय करणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि हे त्यांना माहीत होतं. उरलेले तिन्ही आणि वरती एक, असे चार त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून झाले. एकही गळला नाही. मी प्रत्येक डोळा तीनदा दाबला.

ऑपरेशनच्या दिवशी मी दाराबाहेर बाकावर बसले होते. दार लोटलेलं होतं, आवाज येत होते.

“नाव सांगा.”

“ताई, अगं मी.”

“नाव.”

त्याने पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

“कुठला डोळा?”

“आता एकच उरलाय ना.”

“बोट लावून दाखवा.”

मग भिंगाचा आकडा ऐकू आला, तीनदा, दोन आवाजांत. मग दार लागलं. मशीनचा आवाज येणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी त्याची वाट बघत होते. एक तास दहा मिनिटांनी मोठ्या सिस्टर बाहेर आल्या, बोटं वर करून सहा दाखवले आणि परत आत गेल्या. सहा टाके. चांगले की वाईट, ते सांगितलं नाही. त्याही मॅडमच्याच हाताखालच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं अंधाऱ्या खोलीत. वन्संनी पट्टीच्या कडेला हात घातला.

“छान दिसतंय,” माझा नवरा म्हणाला.

“पट्टी अजून निघालेली नाही.”

“निघाल्यावर छान दिसेल, असं.”

“तू गप्प बस. तुला मी नऊ वर्षांपूर्वी एकदा विचारलं होतं. पुन्हा विचारणार नाही.”

पट्टी काढून त्यांनी स्वतः पाहिलं. बराच वेळ. मग प्रेशर मोजलं, दोनदा. मग उठल्या आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. “तू बघ.”

मायक्रोस्कोपमधून नवऱ्याचा डोळा पहिल्यांदाच इतका मोठा पाहिला. सहा काळे टाके, सारख्या अंतरावर. नारिंगी थेंब, निळा दिवा. या डोळ्याला दाबायचं नव्हतं, नुसतं बघायचं. मी बघत राहिले. माझं पाठ झालेलं हिरवं कुठेही नव्हतं.

“गळत नाही,” मी म्हटलं.

वन्सं बाजूच्या, नातेवाइकांच्या खुर्चीत बसल्या. एकतीस वर्षांत मी त्यांना त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. नवरा डोळा मिचकावत एकदा बहिणीकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. काचबिंदूने खाल्लेली कडेची नजर परत येणार नव्हती, पण समोरचं त्याला दिसत होतं. भिंतीवरच्या तक्त्यातल्या वरच्या पाच ओळी त्याने कुणी न सांगता वाचून टाकल्या, आणि सहावीत अडला. मग माझा हात धरून तो हातातली काडी जवळून बघायला लागला.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“कपाटं लावताना शिकले.”

“तीन आठवडे कपाटं?”

“शिवणकामही होतं थोडं,” वन्सं म्हणाल्या.

तो बहिणीकडे बघतच राहिला. लहानपणापासून तिने सांगितलेलं त्याने कधी उलटून विचारलं नव्हतं.

“कसलं शिवणकाम?” त्याने विचारलं.